मागच्या सीटवरचा माणूस



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर फळ्यावरचे गणित जिथे थेट माणसाच्या जिवाशी येऊन भिडते, असा विषय घ्यावा असे मला वाटले. म्हणून आज मोटारीतील सीट बेल्ट आणि एअरबॅग यांच्याविषयी बोलणार आहे.

नागपूरकरांना या विषयाची आता पूर्वीपेक्षा जास्त गरज आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. माझ्या वयाची बहुतेक मंडळी गाडी चालवायला शिकली ती वर्धा रोडवर नाही तर अमरावती रोडवर, साठ-सत्तरच्या वेगाने. रस्ता बदलला, गाड्या बदलल्या, वेग दुप्पट झाला. गाडीत बसण्याची आपली पद्धत मात्र तीच राहिली.

वेग दुप्पट होतो म्हणजे काय होते ते आधी पाहू. मोटार ताशी ६० किलोमीटरने जात असते तेव्हा तिच्यात बसलेला माणूसही ताशी ६० नेच जात असतो. गप्पा मारत, संत्री सोलत बसलेल्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याच्या नजरेसमोरचे सगळेच त्याच वेगाने चाललेले असते. उंचावरून पडणाऱ्या माणसाला हाच वेग येण्यासाठी सुमारे १४ मीटर खाली यावे लागते, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडावे लागते. ताशी १२० साठी ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते : ५७ मीटर, अठरा-एकोणीस मजले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववी-दहावीत शिकलेले वाक्य इथे आपल्यासमोर उभे राहते. गाडी कशावर तरी आदळून थांबते तेव्हा ही सारी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ती कुठे, किती अंतरात आणि शरीराच्या कोणत्या भागावर जिरणार, एवढाच प्रश्न उरतो. सीट बेल्ट आणि एअरबॅग हे या प्रश्नाचे उत्तर आहे.

बांधकामावर वरच्या माळ्याकडे फेकलेल्या विटा झेलणारा मजूर आपण पाहिला असेल. वीट हातात येताच तो हात मागे घेतो. हात ताठ ठेवला तर बोटे मोडतील. थांबायला अंतर मिळाले की मार कमी होतो, सारे मर्म यात आहे.

आता आकडे घालून पाहू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग साधारण ६० सेंटिमीटर चुरगळला, असे धरा. हल्लीच्या गाडीचे नाक मऊ आणि बसण्याची पेटी कडक बनवतात ते मुद्दाम. जुन्या गाड्यांचा पत्रा कसा दणकट होता, असे कौतुकाने सांगणारे लोक भेटतात. न चुरगळणारे नाक आतल्या माणसाला थांबायला अंतर देत नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. बेल्ट बांधलेला माणूस गाडीलाच बांधलेला असतो, त्यामुळे ते ६० सेंटिमीटर त्याला मिळतात. बेल्ट थोडा ताणला जातो, त्याचे आणखी २० मिळतात. ८० सेंटिमीटरमध्ये थांबताना शरीरावर गुरुत्वाच्या सरासरी १२ पट भार येतो. हा भार मोठा आहे, पण कंबरेचे हाड, छातीचा पिंजरा आणि खांद्याचे हाड यांवर वाटला गेला तर निरोगी शरीर तो सोसू शकते. बेल्ट न बांधलेल्या माणसाचे काय होते? गाडी थांबते, तो थांबत नाही. तो त्याच ५० च्या वेगाने पुढे जातो आणि थांबलेल्या डॅशबोर्डवर किंवा काचेवर आदळतो. तिथे त्याला थांबायला पाच सेंटिमीटर मिळाले तर भार गुरुत्वाच्या जवळजवळ २०० पट होतो, आणि तो बहुधा कपाळावर येतो. हातांनी स्वतःला सावरू, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ७० किलोच्या माणसाला १२ पट भार म्हणजे ८४० किलो. कोणाचेही दंड एवढे पेलत नाहीत.

अपघातात खरे तर तीन टकरी होतात. पहिली गाडीची, दुसरी शरीराची, आणि तिसरी शरीराच्या आत : मेंदूची कवटीशी, यकृताची बरगड्यांशी, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची तिच्या स्वतःच्या बांधणीशी. ही तिसरी टक्कर बाहेरून दिसत नाही. रुग्णालयात बोलत बोलत आलेला माणूस तासाभरात जातो, तो हिच्यामुळे.

आज आपण वापरतो तो तीन बिंदूंचा बेल्ट स्वीडनच्या निल्स बोलिन या अभियंत्याने बनवला. व्होल्वो कंपनीत येण्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करत असे, वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणारी आसने. बोलिनच्या बेल्टआधी मोटारींत कंबरेवरून जाणारा नुसता पट्टा असे. त्या पट्ट्याने धड दुमडून डोके आपटायचे आणि पोटातील अवयवांना इजा व्हायची. बोलिनने १९५९ मध्ये कंबर आणि खांदा एकाच सलग पट्ट्यात बांधले, आणि तेही एका हाताने लावता येईल अशा रीतीने. व्होल्वोने या पेटंटचा वापर सगळ्या कंपन्यांना खुला करून दिला. विसाव्या शतकातल्या औद्योगिक निर्णयांपैकी इतका उदार निर्णय मला दुसरा आठवत नाही. १९६७ मध्ये बोलिनने स्वीडनमधील २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. त्यात बेल्ट न लावलेली माणसे ताशी २० किलोमीटर इतक्या कमी वेगालाही दगावलेली होती, आणि बेल्ट लावलेल्यांपैकी ताशी साधारण ९५ किलोमीटरच्या आत कोणीही दगावलेले नव्हते.

हा पट्टा दिसतो साधा, पण आतून हुशार आहे. हळू ओढला तर सैल सुटतो, हिसका दिला की अडकतो, हे आपण रोज अनुभवतो. गाडी अचानक मंदावली की रिळातला लोलक किंवा गोळी सरकते आणि दात्यांत खीळ बसते. नव्या गाड्यांत त्यावर आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. धडक कळताच एक बारीक स्फोट रीळ उलटे फिरवतो आणि पट्ट्याची ढील काढून घेतो. याला प्रीटेन्शनर म्हणतात. आणि छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिळातली एक सळई पिळवटून पट्टा थोडा सोडते, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. आधी आवळायचे आणि मग मोजून सोडायचे, हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागात घडते.

याच वेळेत एअरबॅगचेही काम चालते. धडक झाल्यावर सेकंदाच्या पंधरा-वीस हजारांश भागात यंत्रणा निर्णय घेते, पुढच्या तीसेक हजारांश भागात पिशवी भरते. पूर्वी ती सोडियम अझाइडपासून निघणाऱ्या नायट्रोजनने भरत, आता दुसरी रसायने वापरतात. पिशवीचे तोंड ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. पिशवीला मागच्या बाजूने भोके असतात आणि भरताक्षणीच ती रिकामी होऊ लागते. माणसाचे डोके तिच्यावर टेकावे ते ती रिकामी होत असताना. भरत असतानाच डोके तिच्यावर गेले तर ते तिच्या माऱ्यात सापडते. आणि बेल्ट नसलेला माणूस नेमका तिथे सापडतो, कारण टकरीआधी चालकाने ब्रेक दाबला की तो आसनावरून पुढे घसरलेला असतो.

इथे इतिहासातला एक धडा सांगितला पाहिजे, कारण मला जे म्हणायचे आहे ते त्यातच आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये हवेच्या उशीचे पेटंट मिळाले. पुढे तिथल्या सरकारपुढे प्रश्न आला की लोक बेल्ट लावत नाहीत, तर त्यांना कसे वाचवावे? उत्तर निघाले एअरबॅग. बेल्ट न लावलेला सरासरी बांध्याचा प्रौढ पुरुष अडवता आला पाहिजे, असे मानक ठरले आणि त्यासाठी पिशव्या जोरकस बनवाव्या लागल्या. १९९० च्या दशकात त्या पिशव्यांनी, कमी वेगाच्या आणि एरवी सहज निभावून गेल्या असत्या अशा अपघातांत, लहान मुले आणि ठेंगण्या स्त्रिया मारल्या. अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याच्या हिशेबाने असे २९० हून अधिक मृत्यू झाले आणि त्यांतील ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी बेल्ट लावला नव्हता किंवा नीट लावला नव्हता. नंतर पिशव्यांचा जोर कमी करण्यात आला. बेल्टची जागा एअरबॅग घेईल, ही कल्पना माणसांच्या जिवावर तपासली गेली आणि खोटी ठरली. आजची एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्टने धड धरून ठेवायचे आणि पिशवीने डोके व मान झेलायची, अशी ही वाटणी आहे.

तरीही आपल्याकडे चर्चा होते ती पिशव्यांच्या संख्येची. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटसाठी २०२१ मध्ये. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, पुढे ढकलला गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच शहराचे खासदार असलेल्या केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचे सांगितले. बाजूच्या आणि पडद्यासारख्या खाली येणाऱ्या एअरबॅगना माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ग्राहक शोरूममध्ये पिशव्या मोजतो, सुरक्षेचे तारे मोजतो आणि मागे बसलेल्यांचे बकल गादीखाली गाडलेले असते, हे मी कितीतरी गाड्यांत पाहतो. ताऱ्यांविषयीही दोन गोष्टी माहीत हव्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या तारे देणाऱ्या कार्यक्रमात समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. ताशी १२० ला ऊर्जा त्याच्या साडेतीन पट असते. आणि त्या चाचणीतल्या सगळ्या पुतळ्यांनी बेल्ट लावलेला असतो. पाच तारे मिळाले आहेत ते गाडीला आणि बेल्टला मिळून.

आता ४ सप्टेंबर २०२२ चा रविवार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गुजरातकडून मुंबईला येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी, एअरबॅग उघडलेल्या. कंपनीने दिलेल्या नोंदीनुसार पाच सेकंद आधी वेग ताशी १०० होता, ब्रेक लागल्यावर आदळताना तो ८९ होता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघेही, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. एकच गाडी, एकच धडक, एकच वेग. यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. खरे तर मागे बसणाऱ्यांना बेल्टची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून होती आणि २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये झाला होता. तो कायदा कोणाच्या लक्षात नव्हता.

लक्षात का नव्हता, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे. आपल्या समाजात मागची सीट ही मानाची जागा आहे. साहेब मागे बसतात, मंत्री मागे बसतात, लग्नात नवरा-नवरी मागे बसतात. आजी, आई, तान्हे मूल मागे असतात. पाहुण्याला मागे बसवून आपण दार लावून घेतो. मानाच्या माणसाला ‘बेल्ट लावा’ म्हणणे चालकाला जमत नाही. साहेबांना तो कसे सांगणार? सासऱ्यांना सून कशी सांगणार? मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पट्टा टोचतो, पदर चुरगळतो, आणि मागे कशाला हवा, हा प्रश्न तर ठरलेलाच. आपण ज्यांना सर्वांत जपतो त्यांना सर्वांत उघडे ठेवून नेतो.

आणि मागचा माणूस एकटा मरत नाही. जपानमधील अपघातांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मागच्यांनी बेल्ट लावलेला नसेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाच पट होतो, असे त्यात आढळले. मागून येणारे साठ-सत्तर किलोचे शरीर पुढच्या आसनासह पुढच्या माणसाला स्टिअरिंगवर दाबते. म्हणून मागे बसलेल्याने ‘माझा जीव, माझी मर्जी’ म्हणण्याला अर्थ नाही. तो दुसऱ्याच्याही जिवाशी खेळतो.

३ जून २०१४ च्या सकाळचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. गोपीनाथ मुंडे यांना केंद्रीय मंत्री होऊन आठवडा झाला होता. दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या त्यांच्या गाडीला चौकात दुसरी मोटार बाजूने धडकली. ते मागे बसले होते, बेल्ट नव्हता. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, पण मानेला आणि यकृताला झालेली इजा जीवघेणी होती. बेल्टने ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. बाजूची धडक वेगळी असते : समोर गाडीचे सारे नाक चुरगळायला असते, बाजूला फक्त दाराची जाडी. तिथे बाजूची एअरबॅग मोलाची ठरते. पण वाचण्याची जी काही संधी होती, ती बेल्टशिवाय आणखी कमी झाली, एवढे निश्चित.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी बेल्ट लावलेला नव्हता : ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. प्रवासी जवळजवळ निम्मे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेल्टमुळे पुढच्यांचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी आणि मागच्यांचा मृत्यूचा व गंभीर इजेचा धोका २५ टक्क्यांनी कमी होतो. बेल्ट सगळ्यांना वाचवत नाही, हेही यातच आले. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटली, पेटली आणि २५ जण गेले. तिथे प्रश्न आगीचा आणि बाहेर पडण्याच्या वाटेचा होता. ताशी १२० च्या वेगाने मोटार उभ्या ट्रकखाली शिरली तर बेल्टही फारसा उपयोगी पडत नाही. वेग आणि झोप यांवर बेल्ट हा उपाय नाही.

बेल्टची आठवण देणारा आवाज बंद करण्यासाठी लोक नुसती धातूची क्लिप विकत घेऊन बकलमध्ये अडकवतात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांना त्या विक्रीतून काढायला लावल्या, तेव्हा अशा १३,११८ नोंदी काढल्या गेल्या. स्वतःच्या जिवाला धोका आहे हे सांगणारा आवाज पैसे देऊन बंद करणे मला फार अस्वस्थ करते.

लहान मुलांविषयी सर्वांत कळकळीने बोलतो. आपल्याकडे तान्हे मूल आईच्या मांडीवर पुढच्या सीटवर बसते. धडकेत गाडीवरचा भार क्षणभर गुरुत्वाच्या वीस पट होऊ शकतो. १० किलोचे मूल तेव्हा २०० किलोचे होते. कोणत्याही आईचे प्रेम कितीही मोठे असले तरी तिच्या हातांत २०० किलो धरण्याची ताकद नसते. मूल सुटते, नाही तर आई आणि एअरबॅग यांच्या मध्ये चिरडते. मागे तोंड करून बसवायची शिशुआसने एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ठेवणे जीवघेणे आहे. १४ वर्षांखालील मूल बेल्टशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेले तर कायद्याने चालकाला १,००० रुपये दंड आहे. वाढदिवसाला मुलाला जे काही घ्याल, त्याआधी एक बालआसन घ्या.

घरी गेल्यावर करायच्या काही गोष्टी सांगतो. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपती, घड्याळ, अत्तराची कुपी चिकटवलेली असेल तर काढा. शेजारच्या माणसाची पिशवी तिथूनच फुटते आणि ती वस्तू त्याच्या चेहऱ्यावर येते. देवाची मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवा. समोर लावलेला लोखंडी गार्ड काढून टाका. त्याने धडकेची चाहूल घेणारी यंत्रणा फसते आणि पादचाऱ्याला जास्त इजा होते. बाजूची एअरबॅग आसनातून उघडत असेल तर साधे कव्हर तिला अडवते. स्टिअरिंग आणि छाती यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. पट्टा कंबरेच्या हाडावर आला पाहिजे, पोटावर नाही. खांद्यावरून छातीच्या मधोमध, गळ्यावरून नाही, काखेखालून तर मुळीच नाही. गरोदर स्त्रीने कंबरेवरचा पट्टा पोटाखालून घ्यावा. आसन रेलून झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून पट्टा निसटतो, तेव्हा लांबच्या प्रवासात पाठ सरळ ठेवा. आणि गाडी जुनी असेल तर तिच्या एअरबॅगसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत का, ते पाहा. टाकाटा कंपनीच्या सदोष पिशव्या उष्ण, दमट हवेत कालांतराने धातूचे तुकडे उडवत फुटू लागल्या. जगभर कोट्यवधी बदलाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

या शहरातल्या टॅक्सी आणि प्रवासी गाड्यांच्या मालकांना माझी विनंती आहे की मागच्या सीटची पांढरी आच्छादने उचला आणि गादीखाली गेलेली बकले वर काढा. प्रवासी लावतील की नाही हा नंतरचा प्रश्न, त्यांना ती दिसली तर पाहिजेत. परिवहन खात्याला विनंती की योग्यता तपासणीत मागचे बेल्टही ओढून पाहावेत. आणि घरातल्या तरुण मुलामुलींना सांगतो : गाडी तुम्ही चालवत असाल तर मागे बसलेल्या आजी-आजोबांचे बकल लागेपर्यंत गाडी सुरू करू नका. ते रागावतील, रागावू द्या. दोन-चार वेळा तुम्ही स्वतः मागे वळून त्यांचे बकल लावून द्या. पुढे ते आपणहून लावू लागतील.